चर्चची दुरुस्ती: देणगीदार शोधायचे की घरटी वर्गणी काढायची?

गेल्या काही महिन्यांत वेगवेगळ्या धर्मग्रामांतल्या (धर्मग्राम म्हणजे एका चर्चखाली येणारी वस्ती) तीन ओळखीच्या माणसांनी मला हेच विचारलं, की छप्पर गळतंय, एस्टिमेट आलंय, आकडा बघून मीटिंगमधे सगळे गप्प बसलेत, आता पैसे उभे कसे करायचे. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो. मी वसईचा. आमचं चर्च जुनं, जाड दगडी भिंती, वर मंगलोरी कौलं. फायनान्स कमिटीवर मी दोन टर्म होतो आणि दोन्ही पद्धती अगदी जवळून पाहिल्यात. पहिल्या वेळी कामांची यादी लावून एकेका कामाला देणगीदार घेतले, दुसऱ्या वेळी घरटी महिन्याची वर्गणी काढली. इंजिनिअर नेमा, कोटेशनं मागवा, परवानग्या घ्या हे तुम्हाला माहीतच असणार, ते सोडून देतो.

देणगीदारांची पद्धत आधी, कारण सगळ्यांना पहिल्यांदा तीच सुचते. आणि का सुचते तेही कळतं. पैसा पटकन येतो हो. आम्ही रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, झाल्यावर चर्चच्या दारावर यादी लावली, अल्तारचं (मुख्य वेदीचं) सोनेरी काम, नवी फरशी, खिडक्यांच्या रंगीत काचा, साऊंड सिस्टीम, पंखे, नवीन घंटा, संतांच्या पुतळ्यांची रंगरंगोटी, आणि दोन रविवारांत अर्ध्याहून जास्त ओळींसमोर नावं लिहून झाली. कुणाच्या घरी जायला लागलं नाही, कुणाला दोनदा आठवण करायला लागली नाही. जी घरं देऊ शकत नाहीत त्यांच्यावर काही ओझंही पडलं नाही. हा या पद्धतीचा खरा गुण आहे, तो मी आजही मान्य करतो.

पण त्या यादीत खालच्या बाजूला अजून चार-पाच ओळी होत्या. छपराच्या कैच्या आणि रीपा (कौलांखालचा लाकडी सांगाडा), वाळवीचं औषध, जोत्याभोवतीचं गटार, आणि अल्तारच्या मागे जिथे दोन छपरं मिळतात तिथली पन्हळ. या ओळींसमोर एकही नाव आलं नाही. दोन रविवारांत नाही आणि दोन महिन्यांतही नाही. पन्हळीला देणगीदार मिळत नाही, ती खालून दिसत नाही, तिच्यावर पाटी लावता येत नाही. आणि आमच्या चर्चचं खरं दुखणं तीच पन्हळ होती.

आम्ही तेव्हा काय केलं तर ज्या कामांचे पैसे आलेत ती कामं सुरू केली, कारण देणगीदारांना सणाच्या आधी काम झालेलं बघायचं होतं आणि त्यात त्यांचं काही चुकीचं नव्हतं. मे महिन्यात अल्तार इतका सुंदर दिसत होता की म्हातारी माणसं हात लावून बघत होती. जूनमधे पाऊस लागला, पन्हळ भरून पाणी मागच्या भिंतीत उतरलं, आणि ऑगस्टमधे त्या नव्या सोनेरी कामाचे पापुद्रे निघायला लागले. खात्यात पैसे होते, घंटेचे होते, काचांचे होते, पण ते पन्हळीला लावता येत नव्हते. चर्चच्या कायद्यातच तसं आहे, कॅनन १२६७, की श्रद्धावंतांनी ज्या कामासाठी दान दिलं त्याच कामासाठी ते वापरायचं. तो नियम योग्यच आहे, नाहीतर दानावर कोण विश्वास ठेवेल.

मग आम्ही दोघं-तिघं देणगीदारांच्या घरी गेलो, की तुमची रक्कम छपराला वळवू का. एकाने लगेच हो म्हटलं. घंटेचे पैसे दिलेल्या एका मावशींच्या घरी गेलो तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, बाबा, हे मी माझ्या आईच्या नावाने दिलेत, घंटा वाजली की आईची आठवण होईल म्हणून, पन्हळीतून आई कशी ऐकू येणार. मला त्यावर काहीच बोलता आलं नाही, आजही येत नाही. त्यांचं बरोबर होतं आणि छपराचंही बरोबर होतं, आणि ही अडचण आम्हीच यादी लावून तयार केली होती. माझ्यापुरता निर्णय त्या दिवशी झाला.

आता घरटी वर्गणी. आमच्याकडे साधारण ६५० घरं. महिना ३०० रुपये, तीन वर्षं, असं ठरलं. कागदावर ते ७० लाख २० हजार होतात. प्रत्यक्षात सगळी घरं देत नाहीत, सगळे महिने देत नाहीत, आमचा अंदाज होता की तीन चतुर्थांश आले तरी ५२ लाखांच्या आसपास जाऊ, आणि अंदाज फार चुकला नाही. आळीवार दोन-दोन माणसं नेमली, प्रत्येक घराला कार्ड, क्यूआर कोडही ठेवला, पण खरं सांगायचं तर निम्म्या लोकांना कार्डावर सही करून घेणारा माणूस दारात आलेला आवडतो, दोन गोष्टी बोलणं होतं.

ही पद्धत हळू आहे हे लपवून उपयोग नाही. पहिले चार महिने खात्यात इतके कमी पैसे होते की ठेकेदार फोन उचलेना. मधल्या काळात मालाचे भाव वाढतात. परांची (उंचावर काम करायला बांधतात तो तात्पुरता सांगाडा) दर वर्षी नव्याने बांधायला लागते, कारण आपल्याकडे कामाचे दिवस पाऊस गेल्यापासून मे अखेरपर्यंतच, म्हणजे तीन वर्षं म्हणजे तीन सीझन आणि तीनदा परांचीचं भाडं. मधेच फादरांची बदली होते आणि नव्या फादरांना सगळं पहिल्यापासून समजवायला लागतं. कर्ज काढून एकदम काम उरकावं असंही काही जण म्हणाले, पण आपल्याकडे सार्वजनिक ट्रस्टच्या नावाने कर्ज काढायचं तर आधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, शिवाय मोठ्या कामाला बिशप हाऊसची लेखी परवानगी लागते ती वेगळीच, आणि व्याज शेवटी त्याच घरांच्या खिशातून जाणार म्हणून तो विषय तिथेच थांबला.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. वर्गणी थकलेल्यांची नावं कधीही, कुठेही लावू नका. आमच्याकडे उत्साहाच्या भरात कुणीतरी एका आळीची यादी बोर्डावर लावली, त्यात दोन विधवा बायकांची घरं होती, आणि त्यातली एक पुढचे कितीतरी रविवार आमच्या चर्चला आलीच नाही, लांबच्या चर्चला मिस्साला जायची. यादी दुपारीच काढली पण व्हायचं ते होऊन गेलं. नंतर आम्ही नियम केला की कार्डावर शून्य लिहिलं तरी चालेल, घर मोजलं जाणार, आणि आकडा फक्त त्या आळीच्या माणसाला माहीत असणार. त्यानंतर वर्गणी कमी न होता उलट थोडी वाढली, कारण घाबरून लांब राहिलेली घरं पन्नास-शंभर का होईना द्यायला लागली. हे माझं निरीक्षण, हिशोब करून काढलेला निष्कर्ष नाही.

पण वर्गणीचा मोठा फायदा असा की पैशावर कुणाचं नाव नसतं म्हणून काम इंजिनिअरने सांगितलेल्या क्रमाने करता येतं. आधी छप्पर, मग पन्हळ आणि गटार, मग भिंती, आणि सगळ्यात शेवटी जे डोळ्यांना दिसतं ते. वसईच्या किल्ल्यात जाऊन बघा, १७३९ ला पोर्तुगीज गेल्यानंतर ओस पडलेल्या तिथल्या चर्चच्या भिंती नि कमानी अजून उभ्या आहेत, पण बहुतेकांच्या डोक्यावर छप्पर नाही, म्हणजे आधी जातं ते छप्परच.

छपरावरून आमच्या मीटिंगमधे मोठा वाद झाला होता तोही सांगतो, कारण तो तुमच्याकडेही होईल. काही जुनी माणसं म्हणत होती की ही कौलं पोर्तुगीजांच्या काळातली आहेत, एकही बदलायचं नाही. भावना चांगली होती, पण मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशन या मिशनरी संस्थेने मंगळूरला काढला तो १८६५ साली, आणि पोर्तुगीज वसईतून गेले १७३९ ला, म्हणजे आपल्या डोक्यावरची कौलं त्या काळातली असूच शकत नाहीत. हे शांतपणे सांगितल्यावर विषय मिटला. चांगली कौलं धुऊन परत वापरली, फुटकी बदलली, आणि बदलायला लागणारी बरीचशी आजूबाजूच्या पाडलेल्या जुन्या घरांची मिळाली. पत्रे टाका असंही बरेच जण सांगतील, स्वस्त पडतात आणि काम पटकन होतं, पण पावसात आवाजामुळे प्रवचन ऐकू येत नाही आणि मे महिन्यात आत बसवत नाही, निदान मी ज्या चर्चमधे बसलोय तिथला अनुभव तरी असाच आहे.

भिंतींच्या बाबतीत तर पैशाचा वेग आणि कामाचा वेग एकमेकांना जुळतो हे मला फार उशिरा कळलं. जुनी भिंत दगड आणि चुन्याची असते, ती ओल शोषते आणि परत सोडते. आमच्याकडे कधीतरी मागे कुणीतरी तिच्यावर सिमेंटचा गिलावा मारला होता, तेव्हा सगळे तेच करत होते, त्यामुळे ओल आत कोंडून भिंतीला लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागला होता आणि दर वर्षी रंग पडायचा. ते सिमेंट खरवडून परत चुन्याचा गिलावा करायचा म्हणजे थरावर थर, प्रत्येक थर ओला ठेवायचा, हळू वाळू द्यायचा, मधे दिवस सोडायचे. ज्या देणगीदाराला सणाच्या आत भिंत चकाचक पाहिजे त्याच्यासोबत हे काम होत नाही, तो बिचारा म्हणतो सिमेंट मारून मोकळे व्हा. आणि गिलावाच नको, दगड उघडा छान दिसतो, असं कुणी म्हटलं तर गोव्याची बासिलिका ऑफ बॉम जीझस आठवा, तिचा गिलावा १९५० च्या दशकात काढला आणि तेव्हापासून उघडा जांभा दर पावसाळ्यात झिजतोय. महिन्याला थोडे थोडे पैसे येणार असतील तर चुन्याला लागतो तेवढा वेळ आपोआप मिळतो.

परदेशातल्या लोकांबद्दल एक महत्त्वाचं. आपली पोरं गल्फमधे असतात, पासपोर्ट भारताचा असतो, त्यांनी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी धरत नाहीत. पण कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात जाऊन तिकडचं नागरिकत्व घेतलेल्या भावाने पाठवले की ती परदेशी देणगी होते, मग एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी पाहिजे आणि २०२० च्या बदलानंतर ते पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. मोठे देणगीदार बऱ्याचदा याच दुसऱ्या गटातले असतात, म्हणून देणगीदारांची पद्धत घेणार असाल तर यादी लावायच्या आधी सीएला विचारा. आणि टॅक्सच्या सवलतीचं वचन कुणाला देऊ नका, देणगीवरची ती सवलत (८०जी म्हणतात ती) प्रत्येक चर्चला लागू होत नाही, २००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीला मिळत नाही, आणि नवी कररचना घेतलेल्याला तर मिळतच नाही.

आता एवढं सगळं लिहून मी असं म्हणणार नाही की देणगीदारांची पद्धत वाईट. तुमचं धर्मग्राम ७०-८० घरांचं असेल तर वर्गणीतून छपराचा आकडा कधीच गाठला जाणार नाही, तिथे दोन-चार मोठे हात लागतीलच. किंवा तुळई आजच खाली आली असेल तर तीन वर्षं थांबता येत नाही. पण तसं असेल तरी यादी लावू नका, एकच दुरुस्ती निधी ठेवा, आणि पावतीवरच छापा की ही रक्कम चर्चच्या दुरुस्तीच्या कोणत्याही कामासाठी वापरली जाईल. ती एक ओळ आमच्या पहिल्या पावत्यांवर असती तर अल्तार दोनदा करायला लागला नसता. नावांची पाटी लावायचीच असेल तर सगळ्यांची एकच, आकडे न टाकता, अकारविल्हे, आणि शेवटचं काम संपल्यावर.

माझा कल कुठे आहे हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तरीपण तुमच्या फादरांशी, आळ्यांमधल्या लोकांशी बोलून ठरवा, माणसं तुम्हीच ओळखता. फक्त पैशाची मीटिंग जमलं तर जुलैमधे ठेवा, आणि सुरू करायच्या आधी सगळ्यांना पाच मिनिटं अल्तारच्या मागे नेऊन उभं करा, जिथे पाणी उतरतं तिथे. आम्ही दुसऱ्या वेळी तसंच केलं होतं आणि ३०० चा आकडा त्यानंतर दहा मिनिटांत ठरला.

मावशींच्या घंटेचे पैसे आम्ही वळवले नाहीत. ते वेगळ्या फिक्स डिपॉझिटमधे ठेवले, कारण घंटेच्या मनोऱ्याची तुळई वाळवीने पोखरली होती आणि नवीन घंटेचं वजन तिने पेललं नसतं. मनोरा तिसऱ्या सीझनच्या शेवटी वर्गणीच्या पैशातून झाला. घंटा नाताळच्या आधी चढवली, मावशी खाली खुर्ची टाकून बसल्या होत्या, पहिला दोर त्यांनीच ओढला.