सुतळीला बांधलेलं पेन: पीएचपीत वाचकगणक करून पाहिला

आमच्या वाचनालयाच्या दारात एक उंच टेबल आहे. त्यावर वाचकांची नोंदवही आणि वहीला सुतळीने बांधलेलं पेन. पेन एकच, तेही मुद्दाम. पूर्वी दोन होती. सकाळी पेपर वाचायला गर्दी झाली की दोघं दोन बाजूंनी सही करायचे, एकच अनुक्रमांक दोनदा पडायचा आणि महिनाअखेरीला बेरीज जुळवत मी बसायची. मग एक पेन काढून टाकलं. हे पेन लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गेल्या वर्षी वाचनालयाची वेबसाइट झाली. नवीन पुस्तकांची यादी, दिवाळी अंक योजना, अभ्यासिकेच्या वेळा, एवढंच. आमचे कार्यवाह अण्णा म्हणाले, "ताई, साइटवर माणसं किती येतात ते खाली दिसायला पाहिजे. सर्वसाधारण सभेत कुणी विचारलं तर काय सांगू?" मागणी साधी होती. एक आकडा, तोही सगळ्यांना दिसेल असा.

आधी एक फुकटचा तयार गणक लावून पाहिला. दुसऱ्याच दिवशी आकड्याखाली वजन कमी करण्याच्या गोळ्यांची जाहिरात आली, म्हणून तो काढला. भाचा म्हणाला, "मावशी, गूगल अ‍ॅनालिटिक्स टाक, जग वापरतं." ते चांगलं आहे, पण त्यातले तक्ते मी लॉगिन करून बघायचे आणि अण्णांना हवा होता पानावरचा आकडा. शिवाय एका आकड्यासाठी आमच्या वाचकांची ये-जा दुसऱ्याच्या दप्तरी कशाला जमा करायची? होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायला भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर, पीएचपी ही वेबसाइटची पानं तयार करणारी प्रोग्रॅमिंगची भाषा आयती होती. म्हणून हा अभिप्राय पीएचपीवर, आणि थोडा त्या होस्टिंगवर.

पीएचपीचा जन्मच असल्या कामासाठी झाला आहे. रासमुस लेर्डोर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःचा बायोडेटा इंटरनेटवर ठेवला होता. तो कोण बघून जातं हे कळावं म्हणून त्यांनी सी भाषेत काही छोटे प्रोग्रॅम लिहिले. त्यांना नाव दिलं पर्सनल होम पेज टूल्स आणि जून १९९५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुले केले. पीएचपी ही आद्याक्षरं तिथलीच. म्हणजे अण्णांची मागणी आणि या भाषेचं बारसं एकाच घरचं.

पहिला गणक चार ओळींचा झाला. फाइल उघड, आकडा वाच, एक मिळव, परत लिही. मी कॉमर्सची पदवीधर, त्यात ग्रंथालयशास्त्राचा कोर्स. मला एका संध्याकाळी जमलं, यातच पीएचपीचं निम्मं कौतुक आलं. काही बसवायचं नाही, काही बांधायचं नाही. फाइल चढवली, पान उघडलं, १. पुन्हा उघडलं, २. मी उगाचच वीस वेळा रिफ्रेश केलं. भाच्याने दुसरीच गंमत दाखवली. पत्त्यापुढे आकड्याच्या फाइलचं नाव टाकलं तर ती कुणालाही उघडून बघता येत होती. त्याच रात्री ती पब्लिक फोल्डरच्या बाहेर हलवली.

मग दिवाळी अंकांची यादी लावली आणि दुवा सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत आकडा २,३१८ वरून ७ वर.

मला वाटलं, कुणीतरी घुसलं. कुणी घुसलं नव्हतं, दोन पेनं झाली होती. दोन वाचक एकाच क्षणी आले की दोघांसाठी प्रोग्रॅमची वेगवेगळी प्रत चालते. दोन्ही प्रती २,३१८ वाचतात, दोन्ही २,३१९ लिहितात आणि एक भेट हवेत जाते. एवढ्यावर भागलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण लिहिण्याआधी फाइल क्षणभर रिकामी होते. नेमक्या त्या क्षणी तिसरा वाचायला आला, तर त्याला कोरं पान दिसतं. कोऱ्याचा अर्थ शून्य, त्यात एक मिळवून तो १ लिहितो. २,३१८ माणसं गेली!

उपाय म्हणजे कुलूप. पीएचपीत त्याला फ्लॉक म्हणतात. पण इथेही फसगत आहे आणि नेटवरचे अर्धे नमुने तिथेच चुकलेले दिसले. लिहिणाऱ्या फंक्शनलाच कुलपाचा पर्याय देता येतो, तो दिला की काम झालं असं वाटतं. ते कुलूप फक्त लिहिण्यापुरतं लागतं. वाचणं त्याच्या आधीच उरकलेलं असतं. दुसरी खोड अशी की 'डब्ल्यू' पद्धतीने फाइल उघडली तर ती उघडतानाच रिकामी होते, मग कुलूप लावून राखायचं काय? 'सी प्लस' पद्धतीने उघडली तर ती रिकामी होत नाही. म्हणून तशी उघडायची, आधी कुलूप, मग वाचन, सुरुवातीला परत येऊन जुनं पुसायचं, नवं लिहायचं आणि शेवटी कुलूप काढायचं. पेन हातात घेतल्याशिवाय वहीत डोकावायचंसुद्धा नाही.

भाच्याने त्याच्या लॅपटॉपवर चाचणी घेतली. एकावेळी पन्नास, अशा एकूण १,००० विनंत्या पाठवल्या. आधीचा गणक ६११ वर थांबला. कुलूपवाल्याने बरोबर १,००० दाखवले. मी ते तीनदा करायला लावलं. माझा हिशेब जुळला की मला बरं वाटतं.

पुढे अण्णांना 'आज किती' हेही हवं झालं, तेव्हा फाइल सोडून एसक्यूलाइट घेतलं. हा अख्खा डेटाबेस एका फाइलीत असतो, वेगळा सर्व्हर लागत नाही आणि कुलपाचं ते स्वतः बघतं. रोजची एक ओळ. ओळ नसेल तर घाल, असेल तर एकाने वाढव, हे एसक्यूलाइटच्या ३.२४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, एका वाक्यात सांगता येतं. आमच्या होस्टिंगवर त्याहून जुनी आवृत्ती निघाली, त्यामुळे मी दोन वाक्यांत सांगते. काम तेच होतं.

अण्णा पहाटे पाचला उठतात. एक दिवस म्हणाले, "ताई, तुमचा 'आज' रात्री बाराला बदलत नाही. मी चहा घेईपर्यंत कालचाच आकडा असतो." सर्व्हरचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर होतं, म्हणून आमचा दिवस पहाटे साडेपाचला उजाडायचा. एका ओळीत एशिया/कोलकाता, म्हणजे भारतीय वेळ, असं सांगितलं आणि प्रश्न मिटला. आकड्यांतल्या स्वल्पविरामाचंही तेच. पीएचपीचं नेहमीचं फंक्शन लाखाला १००,००० असं तोडतं. आपल्या पद्धतीचे १,००,००० आणि देवनागरी अंक यांची सोय पीएचपीच्या इंटल नावाच्या जोडणीत आहे, पण ती आमच्याकडे बंद होती. मी हातानेच लिहून काढलं. अजून लाख व्हायला अवकाश आहे, पण तयारी असलेली बरी.

आता होस्टिंगविषयी. नाव घेत नाही. वर्षाला दोन हजारांच्या आत बसतं, साइट सहसा बंद पडत नाही. पण एका सकाळी गणक ५७ वर जो अडला तो दुपारपर्यंत हललाच नाही. मदतकेंद्राने दोनदा कळवलं की तुमच्या ब्राउझरची कॅश साफ करा. खरं कारण असं की त्यांनीच न सांगता सर्व्हरवर पानांची कॅश चालू केली होती. पान तयार ठेवलेलं असेल तर पीएचपी चालतच नाही, मग मोजणार कोण? आता गणकाची फाइल वेगळी आहे. पान उघडल्यावर ती स्वतंत्र मागवली जाते आणि 'साठवू नका' अशी सूचना सोबत पाठवते.

माझे सगळ्यात जास्त दिवस मात्र 'कुणाला मोजायचं' यात गेले, आणि तिथे पीएचपी काही मदत करत नाही. पहिल्या महिन्यात ९,४०० आकडा आला. आमचे सभासद साडेआठशे. नोंदी उघडून बघितल्या तर बहुतेक शोधयंत्रांचे रोबो. व्हॉट्सअ‍ॅपवर दुवा टाकला की त्याचं छोटं चित्र बनवायला येऊन जाणारा प्रोग्रॅमही वाचक म्हणून मोजला गेलेला. आणि मी स्वतः, रोज दहा वेळा.

आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, माणसं ओळखावीत, तर अभ्यासिकेतली बारा मुलं एकाच वायफायवर, ती एकच दिसतात. मोबाइल कंपन्याही एक पत्ता अनेक फोनांना वाटून देतात. शेवटी पीएचपीचं सेशन वापरलं. एका ब्राउझरची एक बैठक म्हणजे एक भेट. नाव सांगणारे रोबो वगळले. न सांगणारे अजून येत असतील. पाटीवरचा 'वाचक' शब्द काढून 'भेटी' केला. आयपी पत्ता कुठेही साठवत नाही.

पीएचपीला माझे पाचपैकी साडेचार, होस्टिंगला अडीच. अर्धा गुण मी अशासाठी कापला की चुकीचा गणक लिहिणं फार सोपं आहे आणि तो चुकतोय हे गर्दी होईपर्यंत कळत नाही. छोट्या संस्थेची साइट असेल आणि एखादी संध्याकाळ मोकळी असेल तर जरूर करून बघा. मात्र सुरुवातच एसक्यूलाइटने करा, फाइलच्या वाटेला जाऊ नका.

गाळणी लावल्यावर महिन्याचा आकडा १,१५० झाला. अण्णांनी चष्मा काढून पुसला.

"ताई, ते नऊ हजारच बरे नव्हते का?"

"त्यातले आठ हजार वाचणारे नव्हते, अण्णा."

"मग वहीत? एप्रिलमध्ये निम्मी माणसं पंख्याखाली बसायला येतात. ती मोजता ना?"

"सही करतात, म्हणून मोजते."