फर्मी की स्विफ्ट? अलर्ट कुणाचे लावावेत

गॅमा किरण स्फोटाची (दूरच्या अवकाशातून येणाऱ्या गॅमा किरणांच्या क्षणिक चमकेची) उत्तरदीप्ती, म्हणजे मागे उरणारा आणि विझत जाणारा प्रकाश, गच्चीवरून टिपायची हौस आता इंदुरातही लोकांना लागली आहे. नव्याने येणारा प्रत्येक जण आधी हेच विचारतो की असे स्फोट टिपणाऱ्या नासाच्या दोन यानांपैकी मोबाइलवर अलर्ट फर्मीचे लावू की स्विफ्टचे. मी दोन्ही लावून पाहिले आहेत.

संख्येत फर्मी कितीतरी पुढे. पृथ्वीआड गेलेला भाग सोडला तर सगळं आकाश त्याच्या जीबीएम उपकरणाच्या नजरेत असतं. वर्षाकाठी साधारण २४० स्फोट. स्विफ्टचे नव्वदच्या आसपास. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले, तेव्हा गुरुत्वीय लहरींनंतर १.७ सेकंदांनी आलेली चमक फर्मीने पकडली. स्विफ्टच्या आड नेमकी पृथ्वी आली होती. ९ ऑक्टोबर २०२२ च्या विक्रमी तेजाच्या स्फोटातही फर्मी आधी, स्विफ्ट जवळजवळ तासाभराने.

तरी माझं फर्मीशी जमलं नाही, ते स्फोटाच्या आकाशातल्या जागेपायी. नोटिशीत, म्हणजे अलर्टच्या संदेशात, जागेतल्या संभाव्य चुकीची त्रिज्या समजा ३ अंश लिहिलेली असते. ती फक्त सांख्यिकीय. पद्धतीतली ३-४ अंशांची चूक वेगळी धरायची. माझ्या कॅमेऱ्यात मावतं जेमतेम अर्धा अंश आकाश, पौर्णिमेच्या चंद्राएवढं. मध्यरात्री उठून दुर्बीण वळवावी, फोकस जमवावा, तोवर दुसरी नोटीस येते आणि जागा चार अंश सरकलेली असते. इकडे उत्तरदीप्ती थांबत नाही. स्फोटानंतरचा वेळ दहापट झाला की तेज ढोबळमानाने दहाव्या हिश्श्यावर येतं.

स्विफ्टचं बॅट उपकरण काही सेकंदांत ३ कलांपर्यंत (६० कला म्हणजे एक अंश) जागा सांगतं. मग यान स्वतःच तिकडे वळतं आणि बहुधा मिनिट-दोन मिनिटांत त्याच्या एक्सआरटी या क्ष-किरण दुर्बिणीकडून काही विकलांपर्यंत (६० विकला म्हणजे एक कला) नेमकी जागा हाती येते. जुन्या सर्वेक्षणातलं छायाचित्र शेजारी ठेवायचं आणि नवा ठिपका शोधायचा. आमच्या विजयनगर भागातल्या उजेडात तो बहुतेकदा सापडत नाही, हे खरं. पण जागा पक्की असल्यामुळे ‘अमुक प्रतीपर्यंत (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप) काही दिसलं नाही’ हीसुद्धा कामाची नोंद ठरते. फर्मीच्या बाबतीत काही दिसलं नाही तर आपण योग्य ठिकाणी बघत होतो का, हेच कळत नाही. माझ्यासाठी निकाल इथेच लागला.

अर्थात प्रत्येकाची गरज वेगळी. संगणकावर बसून स्फोटांचा कालावधी, दोन सेकंदांच्या आतले-बाहेरचे प्रकार, वर्णपट असं काही करायचं असेल तर फर्मीचा खुला डेटा मला जास्त सोयीचा वाटतो. स्विफ्टचं वयही लक्षात घ्यावं: २००४ सालचं यान, २०२४ मध्ये एक जायरो (यानाची दिशा सांभाळायला लागणारं उपकरण) गेल्यापासून दोनांवर चालवलेलं, कक्षाही खाली येत चाललेली. तेव्हा ते सध्या निरीक्षणं घेतंय ना, एवढं आधी बघून घ्या. घेत असेल तर त्याचेच लावा, आणि त्यातही एक्सआरटीच्या जागेची नोटीस निवडा; बॅटच्या पहिल्या नोटिशींत ओळखीचे क्ष-किरण स्रोतही येत राहतात.