जीएमआरएस घ्यायचंय: साधा वॉकी-टॉकी, रिपीटरवाला हँडसेट की स्वतःचा रिपीटर?

योसेमिटीच्या दरीत किंवा स्मोकी माउंटन्सच्या घाटरस्त्यावर तीन-चार गाड्या एकत्र निघाल्या की चुकामूक ठरलेली, आणि नेमकं तिथेच मोबाइलचं नेटवर्क गेलेलं असतं. अमेरिकेतली बरीच मराठी कुटुंबं अशा वेळी जीएमआरएससारखा दुतर्फा बोलायचा रेडिओ घ्यायचं मनावर घेतात आणि पन्नास मॉडेल बघून गोंधळतात. माझं मत आधीच सांगतो: खोक्यावरचे वॅट आणि मैल बघून निवड करू नका. कोण कोणाशी बोलणार, मध्ये काय आडवं येतं आणि तुमच्या भागात चालू रिपीटर (उंचावरून तुमचं बोलणं पुढे पोचवणारा सेट) आहे का, एवढ्यावर सगळं ठरतं.

दुकानात दोन प्रकार शेजारी शेजारी टांगलेले दिसतात: एफआरएस (फॅमिली रेडिओ सर्व्हिस) आणि जीएमआरएस (जनरल मोबाइल रेडिओ सर्व्हिस). एफआरएसला परवाना लागत नाही. त्यात कमाल २ वॅट मिळतात, चॅनेल ८ ते १४ वर तर अर्धाच वॅट. अँटेना काढता येत नाही आणि रिपीटर वापरता येत नाही. जीएमआरएसमध्ये तीच २२ चॅनेल असतात, वर रिपीटरसाठी फ्रिक्वेन्सींच्या ८ जोड्या (एक बोलायची, एक ऐकायची). काही चॅनेलवर ५० वॅटपर्यंत मुभा आहे आणि अँटेना बदलता येतो, पण एफसीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाचा, परवाना लागतो. चॅनेल सामाईक असल्यामुळे दोन्ही प्रकारचे सेट एकमेकांशी बोलतात. त्यामुळे मुलांच्या हातात एफआरएस आणि मोठ्यांच्या हातात जीएमआरएस अशी विभागणी छान जमते.

परवान्याला बिचकू नका. फी ३५ डॉलर, मुदत १० वर्षं, परीक्षा नाही. नागरिकत्वाची अटही नाही. वय १८ पूर्ण हवं आणि अर्जदार परदेशी सरकारचा प्रतिनिधी नसावा, बस. एच-१बीवाल्यांनी निर्धास्त अर्ज करावा. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एकाच्या परवान्यावर सगळं कुटुंब बोलू शकतं: नवरा-बायको, मुलं, आई-वडील, सासू-सासरे, भावंडं, काका-मामा, आत्या-मावशी, भाचे-पुतणे. उन्हाळ्यात भारतातून आलेले आई-बाबाही त्यात आले. मित्र मात्र येत नाहीत. मंडळाच्या सहलीत पाच कुटुंबं जीएमआरएसवर बोलणार असतील तर पाच परवाने हवेत. गप्पा खुशाल मराठीत मारा. फक्त बोलणं संपताना, आणि लांबलं तर दर १५ मिनिटांनी, कॉल साइन, म्हणजे परवान्यावरचा तुमचा संकेत, इंग्रजीत सांगायचा.

आता हँडसेट. मिडलँडचा जीएक्सटी १००० हा ५ वॅटचा, पण अँटेना पक्का बसवलेला आणि रिपीटरची सोय नाही. रेडिऑडिटी जीएम-३० त्याहून स्वस्तात रिपीटरची सोय देतो. वूशुन केजी-९३५जी साधारण १५० डॉलरचा, पण बांधणी आणि ऐकण्याची ताकद दोन्ही उजवी. २ वॅटवरून ५ वॅटवर गेल्याने फार फरक पडेल असं समजू नका. सपाट मैदानावर उभ्या असलेल्या दोन माणसांमध्ये पृथ्वीच्या वक्रतेमुळे साधारण १० किलोमीटरनंतर सरळ रेषाच उरत नाही, आणि घरं-झाडं असलेल्या उपनगरात दोन-तीन किलोमीटर मिळाले तरी पुष्कळ. खोक्यावरचे ३६ मैल डोंगरमाथ्यावरून मोकळ्या दरीत बोलताना खरे ठरतात. म्हणून मी पक्क्या अँटेनाच्या ५ वॅटच्या सेटवर पैसे घालणार नाही. परवाना काढताच आहात तर रिपीटरवालाच घ्या.

रिपीटर उंचावर बसून एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर जोरात सांगतो. जीएमआरएसमध्ये तुम्ही ४६७ मेगाहर्ट्झवर बोलता, तो ४६२ वर ऐकवतो. दोन्हींत फरक बरोबर ५ मेगाहर्ट्झचा. मायजीएमआरएस या संकेतस्थळाच्या यादीत आपल्या भागातले रिपीटर सापडतात. अनेक खासगी असतात, तिथे आधी मालकाची परवानगी घ्यायची. कॅनडाच्या सीमेलगत, म्हणजे डेट्रॉइट-सिअ‍ॅटलच्या पट्ट्यात, चॅनेल १९ आणि २१ च्या फ्रिक्वेन्सींवर निर्बंध आहेत, हेही तिथल्या लोकांनी बघून घ्यावं.

प्रोग्रामिंगची भीती बहुतेकांना इथेच वाटते, म्हणून एक उदाहरण नीट बघू. रिपीटर चॅनेल २० वर आहे आणि टोन (बोलण्यासोबत जाणारा सूर, तो जुळला तरच रिपीटर उघडतो) १४१.३ हर्ट्झ आहे असं धरा. ऐकण्याची फ्रिक्वेन्सी ४६२.६७५, बोलण्याची ४६७.६७५. बोलण्याच्या बाजूला टोन १४१.३ टाका. ऐकण्याच्या बाजूचा टोन सुरुवातीला बंदच ठेवा, म्हणजे रिपीटर काहीही बोलला तरी ऐकू येईल. बँडविड्थ वाइड ठेवा; नॅरो राहिली तर समोरच्याला तुमचा आवाज खोल गेल्यासारखा येतो. काही सेटवर टोन हर्ट्झमध्ये नसून ‘प्रायव्हसी कोड’ म्हणून क्रमांकाने असतो. ३८ टोनच्या नेहमीच्या यादीत १४१.३ हा २२ वा. या कोडने खासगीपणा अजिबात मिळत नाही. टोन बंद ठेवून बसलेला कोणीही तुमचं सगळं ऐकतो.

मग बटण दाबून कॉल साइन आणि ‘रेडिओ चेक’ म्हणा, बटण सोडा आणि कान द्या. रिपीटर उघडला असेल तर क्षणभर खरखर किंवा छोटा बीप येतो. काहीच आलं नाही तर टोन चुकलाय किंवा अंतर जास्त आहे. आणि ही चाचणी एकाच खोलीत दोन सेट घेऊन करू नका. शेजारच्या सेटचा जोर इतका असतो की दुसऱ्याला लांबचा रिपीटर ऐकूच येत नाही, आणि माणूस उगाच सेटिंग बदलत बसतो. दुसरा सेट घेऊन कोणाला तरी गल्लीच्या टोकाला पाठवा.

एक-दोन चॅनेल टाकायचे तर कीपॅड पुरतो. घरचे चार सेट एकसारखे भरायचे असतील तर केबल आणि चर्प हे मोफत सॉफ्टवेअर बरं, अर्थात तुमचं मॉडेल त्यात आहे का ते आधी पाहून. केबल चांगल्या चिपची घ्या. नकली चिपच्या केबल ड्रायव्हरवरून अडतात. सेटमधलं मूळ सेटिंग आधी वाचून जपून ठेवा, मगच नवं लिहा. हॅमसाठीचा, म्हणजे परीक्षा देऊन करायच्या हौशी रेडिओसाठीचा, बाओफेंग यूव्ही-५आर त्या फ्रिक्वेन्सींवर बोलू शकतो, पण त्याला जीएमआरएसचं, म्हणजे एफसीसीच्या नियमांतल्या पार्ट ९५ई चं, प्रमाणपत्र नाही. स्वस्त म्हणून तो घेऊ नका.

मुख्य वापर गाडीतून असेल तर माझा कौल हँडसेटला नाही. पत्र्याच्या डब्यात बसून बोललं की सिग्नलचा मोठा वाटा आतच जिरतो. मिडलँड एमएक्सटी११५ सारखा १५ वॅटचा गाडीतला सेट आणि छतावर चुंबकाचा अँटेना एवढ्यावर ताफ्याचं काम चोख होतं.

हॅमचं काय? त्याच्या टेक्निशियन या पहिल्या पायरीच्या परीक्षेत ३५ प्रश्न, त्यातले २६ बरोबर यावे लागतात, आणि कुटुंबातल्या प्रत्येकाने ती स्वतंत्र द्यायची. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने पश्चिम नॉर्थ कॅरोलायनातले मोबाइल बंद पडले, तेव्हा माउंट मिचेलवरच्या हॅम रिपीटरने लोकांना मोठा आधार दिला. ज्याला रेडिओचीच ओढ आहे त्याने हॅम जरूर करावं. पण आजी, नातू आणि सून यांना एकमेकांशी बोलायचं असेल तर जीएमआरएसच.

राहिला स्वतःचा रिपीटर. कल्पना मोहात पाडणारी आहे, आणि नव्वद टक्के वेळा माझं उत्तर नको असं आहे. एकाच अँटेनावरून एकाच वेळी ऐकायचं आणि बोलायचं, तर मध्ये डुप्लेक्सर (दोन फ्रिक्वेन्सी एकमेकींपासून वेगळ्या ठेवणारा फिल्टर) लागतो, तोही तुमच्याच जोडीला ट्यून केलेला. नाहीतर रिपीटर स्वतःच्याच आवाजाने बहिरा होतो. रेटेव्हिस आरटी९७ मध्ये हे सगळं एका डब्यात मिळतं आणि कॅम्पिंगला तो नेता येतो, ताकद मात्र मर्यादित. गाडीतले दोन रेडिओ सेट जोडून बनवलेला रिपीटर सतत बोलून तापतो. पंखा आणि कमी वॅट, दोन्ही ठेवावे लागतात. केबलकडे तर बहुतेकांचं लक्षच जात नाही. एलएमआर-४०० सारखी चांगली केबलसुद्धा १०० फुटांत साधारण २.७ डेसिबल खाते, म्हणजे जवळजवळ निम्मी ताकद अँटेनापर्यंत पोचतच नाही.

आणि उंची. छपरावर ९ मीटरवर अँटेना लावला तर त्याचं क्षितिज सुमारे १२ किलोमीटर. आजूबाजूपेक्षा १०० मीटर उंच टेकडीवर तेच ४१. घर टेकडीवर असेल, किंवा अशी जागा असलेला कोणी तुम्हाला कोपरा देत असेल, तरच खर्च करा. जोड्या फक्त आठ आहेत, त्यामुळे निवडलेल्या चॅनेलवर आधी बरेच दिवस ऐका आणि दुसऱ्याच्या चालू रिपीटरवर स्वतःचा बसवू नका. दोन गावांतले रिपीटर इंटरनेटने जोडायचा विचार असेल तर तो सोडा, जीएमआरएसमध्ये त्याला परवानगी नाही.

नायगाराला कॅनडाच्या बाजूला जाणार असाल तर तिथे जीएमआरएस २ वॅटपुरतंच आहे आणि रिपीटर चालत नाहीत. भारतात भावाला भेट म्हणून हे सेट सामानात टाकू नका. एफसीसीचा परवाना तिथे लागू होत नाही आणि या फ्रिक्वेन्सी तिथे परवान्याशिवाय वापरता येत नाहीत.