गूगल फोटोज, आयक्लाउड की वनड्राइव्ह : घरातले फोटो ठेवायचे कुठे?

फोटो क्लाउडवर ठेवायचे हे आता बहुतेकांचं ठरलेलं असतं. अडतं ते कुठे ठेवायचे यावर. मग कुणाकडे किती जीबी फुकट आणि महिन्याला किती रुपये, एवढंच बघून लोक निर्णय घेतात. माझ्या मते त्याआधी एक गोष्ट विचारायला हवी : फोनमधला फोटो डिलीट केला, तर क्लाउडवरच्या फोटोचं काय होतं? या तिन्ही सेवा इथे तीन तऱ्हेनं वागतात, आणि कुणाच्या बाळाचे पहिल्या वाढदिवसाचे फोटो गेले असं ऐकू येतं तेव्हा घोळ बहुतेक इथेच झालेला असतो.

डिलीट केल्यावर काय होतं

अ‍ॅपलचं आयक्लाउड फोटोज सुरू केलं की तुमच्या आयफोन, आयपॅड आणि मॅकवर एकच सामायिक लायब्ररी दिसू लागते. आयफोनवरून फोटो काढून टाकला की तो सगळीकडून जातो. ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये तो ३० दिवस पडून असतो, त्यानंतर परत मिळेल असं धरून चालू नका. म्हणजे आयक्लाउड फोन हरवला, फुटला, पाण्यात पडला तर वाचवतं. चुकून डिलीट झालं तर फक्त महिनाभरापुरतं.

मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हचा ‘कॅमेरा बॅकअप’ याच्या उलट. फोनमधून फोटो वर जातो आणि तिथे स्वतंत्र राहतो. नंतर गॅलरीतून तुम्ही सगळं साफ केलं तरी वनड्राइव्हवरची प्रत जागच्या जागी असते. मात्र विंडोजच्या लॅपटॉपवर वनड्राइव्हचं जे फोल्डर दिसतं, त्यातून फाइल उडवली तर ती क्लाउडवरूनही जाते. रिसायकल बिनमध्ये तिला ३० दिवस मिळतात.

गूगल फोटोज या दोघांच्या मध्ये आहे आणि म्हणूनच सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो. अँड्रॉइडवर गूगल फोटोजच्या अ‍ॅपमधून फोटो डिलीट केला तर फोनमधला आणि क्लाउडवरचा, दोन्ही जातात. बॅकअप झालेला असेल तर ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो. त्याच अ‍ॅपमध्ये ‘फ्री अप स्पेस’ हा वेगळा पर्याय आहे. तो फक्त बॅकअप झालेले फोटो फोनवरून काढतो, क्लाउडला हात लावत नाही. जागा करायची असेल तर हाच पर्याय वापरायचा, एकेक फोटो निवडून कचरापेटीचं चिन्ह दाबायचं नाही. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनमध्ये गूगल फोटोज सुरू करून देताना हे एवढं तरी समोर बसून दाखवावं.

आता खरी भानगड. आयफोन आहे, आयक्लाउड फोटोज सुरू आहे, आणि जोडीला गूगल फोटोजही टाकलंय. आयक्लाउडचे ५ जीबी भरत आले म्हणून गूगल फोटोजमध्ये ‘फ्री अप स्पेस’ दाबलं जातं. फोन परवानगी विचारतो, आणि त्या खिडकीत लिहिलेलं असतं की हे फोटो आयक्लाउड फोटोजमधून तुमच्या सगळ्या उपकरणांवरून काढले जातील. घाईत ‘डिलीट’ दाबलं की आयपॅड आणि मॅकवरूनही फोटो गेले. गूगलवर प्रत असते, पण गूगलला ‘स्टोरेज सेव्हर’ (फोटो लहान करून ठेवायचा पर्याय) लावलेलं असेल तर ती प्रत मूळ फोटोपेक्षा हलकी असते. आयफोनवर दोन्ही सेवा चालवायच्या तर चालवा, पण साफसफाई कुठून करायची ते एकदा ठरवून घ्या आणि गूगलच्या अ‍ॅपमधून ती मुळीच करू नका.

जागा आणि पैसे

फुकट जागा गूगलकडे १५ जीबी, आयक्लाउडवर ५, वनड्राइव्हवर ५. गूगलचा आकडा मोठा दिसतो, पण त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज तिघांचा वाटा आहे. शिवाय २०२४पासून अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो. जागा संपली की नवीन फोटो चढत नाहीत आणि जीमेलवर मेल येणं-जाणंही थांबतं. बँकेचे, शाळेचे, पासपोर्टचे मेल ज्या पत्त्यावर येतात, त्याच खात्यात हजारो फोटो भरून ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं.

१ जून २०२१पर्यंत गूगल ‘हाय क्वालिटी’चे (म्हणजे आताच्या ‘स्टोरेज सेव्हर’चे) फोटो अमर्याद ठेवू देत होतं. त्या तारखेआधी तसे चढवलेले फोटो आजही जागेत मोजले जात नाहीत. त्यामुळे जुने फोटो उडवून जागा होईल या आशेवर राहू नका. २०१८च्या सहलीचे फोटो काढून टाकाल आणि मीटर हलणारही नाही.

जागा खरं तर खातात ते व्हिडिओ. १२ मेगापिक्सेलचा एक फोटो साधारण २ ते ४ एमबीचा. आयफोनवर फोर-केमध्ये, सेकंदाला ३० फ्रेमनं, एक मिनिटाचा व्हिडिओ सुमारे १७० एमबी होतो. शाळेच्या स्नेहसंमेलनातला सहा मिनिटांचा नाच म्हणजे एक जीबी. साध्या एचडीत, म्हणजे १०८० पिक्सेलवर, तेच मिनिट साधारण ६० एमबीत बसतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये हा एक बदल केला तर लहान प्लॅन बराच काळ पुरतो.

पैशांचं बघितलं तर भारतात गूगलचा १०० जीबीचा प्लॅन महिन्याला १३० किंवा वर्षाला १,३०० रुपयांच्या आसपास आहे आणि २ टीबीचा महिन्याला ६५०च्या. आयक्लाउड प्लस ५० जीबीला ७५, २०० जीबीला २१९ आणि २ टीबीला ७४९ रुपयांच्या घरात. (घेण्याआधी अ‍ॅपमधली किंमत बघून घ्या, ती बदलत असते.) दोन्हीकडे हे प्लॅन घरातल्या आणखी पाच जणांत वाटता येतात. जागा वाटली म्हणून फोटो वाटले जात नाहीत. प्रत्येकाचे फोटो त्याचे त्यालाच दिसतात. पाच-सहा जणांच्या घरात गूगलचे १०० जीबी माणशी वर्षाला सव्वादोनशे-अडीचशे रुपयांत पडतात, आणि प्रत्येकाचे स्वतःचे १५ जीबी आधी वापरले जातात. मला हा सौदा चांगला वाटतो.

वनड्राइव्हचा विचार मी एकाच परिस्थितीत करीन : वर्ड-एक्सेलसाठी मायक्रोसॉफ्ट ३६५चं वर्गणीचं पाकीट घरात आधीच असेल तर. त्याच्या पर्सनल प्लॅनमध्ये १ टीबी येतो आणि फॅमिली प्लॅनमध्ये सहा जणांना प्रत्येकी १ टीबी. ते वापरायचं सोडून फोटोंसाठी वेगळे पैसे भरण्यात अर्थ नाही. फक्त फोटो शोधायची सोय गूगलच्या जवळपासही नाही, याची तयारी ठेवा.

मोबाइल कंपन्यांच्या ऑफर्सबद्दल दोन शब्द. २०२५मध्ये एअरटेलनं पोस्टपेड आणि वाय-फाय ग्राहकांना सहा महिने १०० जीबी दिले, जिओनं गूगलच्या एआय प्रो प्लॅनबरोबर १८ महिने २ टीबी. घ्यायला हरकत नाही, पण मुदत संपल्यावर ४०० जीबी फोटो १५ जीबीच्या खात्यात अडकलेले असतात. नवीन काही चढत नाही, आणि सलग दोन वर्षं मर्यादेबाहेर राहिलात तर गूगल ते काढून टाकू शकतं. पुढे पैसे भरायची तयारी नसेल तर मूळ प्रत दुसरीकडे असू द्या.

‘स्टोरेज सेव्हर’ घ्यावं का?

घरगुती फोटोंसाठी खुशाल घ्या. यात १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो १६वर आणला जातो आणि व्हिडिओ १०८० पिक्सेलवर. १६ मेगापिक्सेलचा फोटो २४ बाय १६ इंचांपर्यंत चांगला छापता येतो, म्हणजे भिंतीवरची फ्रेम सहज होते. लग्नाचे फोटोग्राफरकडून आलेले फोटो आणि फोर-के व्हिडिओ मात्र ‘ओरिजिनल’मध्येच ठेवा. आयक्लाउड मूळ फाइलच ठेवतं, तिथे हा प्रश्नच येत नाही.

आयक्लाउडमध्ये वेगळा प्रश्न येतो. ‘ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज’ सुरू असेल तर फोनमध्ये छोटी प्रत आणि मूळ प्रत क्लाउडवर. पुण्यात वाय-फायवर हे कळतही नाही. कोकणात गावी, रेंज एका काडीवर असताना आजीला जुना फोटो दाखवायला उघडला की तो धूसरच राहतो आणि कोपऱ्यातलं गोल चक्र फिरत बसतं. शिवाय अशा फोनवरून गूगलला बॅकअप द्यायचा तर प्रत्येक मूळ फोटो आधी आयक्लाउडवरून उतरतो आणि मग गूगलवर चढतो, त्यामुळे वेळही दुप्पट आणि डेटाही दुप्पट.

घरात दोन्ही प्रकारचे फोन असतील तर

आपल्याकडे हेच चित्र जास्त : आई-बाबा अँड्रॉइडवर, मुलगा किंवा सून आयफोनवर. अशा घरासाठी माझं उत्तर गूगल फोटोज, आणि त्यात मला फारशी शंका नाही. आयक्लाउडचं अँड्रॉइडवर अ‍ॅपच नाही, ब्राउझरमधून बघावं लागतं. आयओएस १६.१बरोबर आलेली सामायिक लायब्ररी सहा जणांना एकत्र आणते आणि ती खरोखर सुंदर चालते, पण सहाही जण अ‍ॅपलवाले हवेत आणि सगळी जागा ती लायब्ररी सुरू करणाऱ्याच्या खात्यातून जाते.

गूगलच्या ‘पार्टनर शेअरिंग’मध्ये एका व्यक्तीला आपले सगळे फोटो, किंवा फक्त ठरावीक चेहऱ्यांचे फोटो, आपोआप दिसतील असं लावता येतं. नवरा-बायकोच्या दोन फोनांत मुलांचे फोटो विखुरलेले असतात, त्यावर हा उत्तम इलाज आहे : दोघांनी फक्त मुलांचे चेहरे निवडायचे. बाकीच्या नातेवाइकांसाठी शेअर्ड अल्बम पुरतो. त्यातले दुसऱ्यांचे फोटो तुमच्या जागेत मोजले जात नाहीत, ते स्वतःच्या लायब्ररीत जतन केले तरच मोजले जातात.

घरात सगळेच आयफोन असतील तर उलट सांगेन : आयक्लाउड २०० जीबी घ्या आणि विषय संपवा. आयफोनवर गूगल फोटोज मागच्या मागे नीट चालत नाही, अधूनमधून अ‍ॅप उघडून ठेवावं लागतं. आयक्लाउडला ते करावं लागत नाही, आणि बॅकअप आठवणीनं करावा लागला की तो राहूनच जातो.

खासगीपणाची काळजी असलेल्यांसाठी अ‍ॅपलकडे ‘अ‍ॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’ आहे. ते सुरू केलं की फोटोंची किल्ली फक्त तुमच्या उपकरणांवर राहते, अ‍ॅपललाही फोटो उघडता येत नाहीत. पण पासवर्डही गेला आणि ‘रिकव्हरी की’, म्हणजे खातं परत मिळवायचा कोड, तोही हरवला तर अ‍ॅपल काहीच करू शकत नाही. पासवर्ड विसरण्याची सवय असलेल्या घरात ते सुरू करू नका.

अमेरिका-ब्रिटनमध्ये असलेल्यांना आणखी एक वाट आहे. तिथल्या अ‍ॅमेझॉन प्राइमबरोबर मूळ आकारातले फोटो अमर्याद आणि व्हिडिओला ५ जीबी मिळतात. भारतातल्या प्राइममध्ये ही सोय नाही. मुलगी न्यू जर्सीत असेल तर दुसरी प्रत ठेवायला तिचं खातं बरं, पहिली प्रत मात्र आपल्याच खात्यात असावी.

सोडून जायची वेळ आली तर

अँड्रॉइडवरून आयफोनवर किंवा उलट गेलात तर गूगल आणि अ‍ॅपल यांच्यात थेट स्थलांतराची सोय आहे. अ‍ॅपलकडून गूगलकडे जाताना ते तीन ते सात दिवसांत होतं असं अ‍ॅपल सांगतं. मूळ फोटो जुन्या ठिकाणी राहतात. लाइव्ह फोटो आणि स्मार्ट अल्बम मात्र त्या वाटेनं जात नाहीत.

सगळं उतरवून हार्ड डिस्कवर घ्यायचं तर गूगलचं ‘टेकआउट’ वापरावं लागतं. झिप फाइल्स उघडल्यावर प्रत्येक फोटोशेजारी एक जेसन फाइल दिसते. तारीख, ठिकाण, वर्णन यांत तुम्ही गूगल फोटोजमध्ये जे बदल केले असतील ते या फाइलमध्ये असतात, फोटोत नाही. कचरा समजून त्या उडवू नका. आजोबांचे स्कॅन केलेले फोटो १९६८ सालात नेऊन बसवले असतील, तर ती तारीख फक्त तिथेच आहे.

अशी एक प्रत वर्षातून एकदा तरी उतरवून घ्यावी, मग सेवा कोणतीही असो. दोन वर्षं कुणीच वापरलं नाही तर गूगल खातं बंद करून त्यातलं सगळं पुसू शकतं. खात्याचा मालकच राहिला नाही तर काय, त्यासाठी गूगलमध्ये ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आणि अ‍ॅपलमध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ आहे : आपल्यानंतर खात्यातलं कुणाला मिळावं ते आधीच नोंदवता येतं. आई-वडिलांच्या फोनमध्ये हे त्यांच्याशी बोलून, त्यांच्या संमतीनं लावून ठेवा.

पहिला बॅकअप मोबाइल डेटावर करू नका. रोजच्या दीड जीबीत १०० जीबी चढायला दोन महिने जातील, तर २० एमबीपीएस अपलोडच्या वाय-फायवर तेच काम साधारण अकरा तासांचं, म्हणजे रात्रभराचं. अँड्रॉइडवर गूगल फोटोज आपणहून फक्त कॅमेऱ्याचं फोल्डर घेतं. व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो हवे असतील तर ते फोल्डर वेगळं सुरू करावं लागतं, आणि सुरू करण्याआधी रोजचे सुप्रभातचे फोटो साफ करा. ‘बॅकअप कम्प्लीट’ दिसलं की कम्प्युटरवर त्याच खात्यात जाऊन दोन-चार जुने फोटो उघडा, एक मोठा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघा, आणि मगच फोनमधली जागा मोकळी करा.