वॉटरपार्कचा वर्षाचा पास: मोटर अजून पुण्यालाच आहे

आमचा वर्षाचा फॅमिली पास फेब्रुवारीअखेर संपतोय. पार्कवाल्यांचे फोन आत्तापासूनच सुरू झालेत, "मॅडम, जुन्या मेंबरला डिस्काउंट आहे, होळीआधी घेतला तर अजून कमी करून देतो." होळीच्या सुमारास सोलापुरात बरेच जण अशा पासच्या विचारात असतात. त्यांच्यासाठी वर्षभराचा अनुभव लिहून ठेवते. पार्कचं नाव लिहीत नाही. शहरापासून गाडीने अर्ध्या तासावर आहे, एवढं पुरे.

निकाल आधीच सांगते. रुपयांच्या हिशेबात पास वसूल झाला, तरी यंदा घेणार नाही.

हे पार्कवर राग असलेल्या बाईचं लिखाण नाही. आम्ही घरचे सगळे या पार्कचे भक्त. सोलापूरच्या माणसाला वॉटरपार्क काय चीज आहे हे पुण्या-मुंबईकडच्यांना कळायचं नाही. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो, नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, दुपारी बारा ते पाच घराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. मुलांना न्यायचं कुठे? आमच्या लहानपणी शाळेची सहल एस्सेलवर्ल्डला जायची. रात्रभर सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये दंगा, सकाळी मुंबई, मग गोराईची बोट. १९८९ मध्ये सुरू झालेलं ते पार्क २०२२ मध्ये बंदच झालं. खोपोलीचं इमॅजिका चांगलं आहे, पण इथून जाऊन एका दिवसात परत येणं होत नाही. मुक्काम आला की खर्च दुप्पट. म्हणून घराजवळ पार्क झाला तेव्हा आम्ही अक्षरशः पेढे वाटायचे बाकी होतो. पहिली दोन-तीन वर्षं तो होताही झकास. स्वच्छ, माणसं तत्पर, घसरगुंड्यांवर भरभरून पाणी, लाटा तासाला ठरलेल्या.

आता मोटरीकडे वळते.

सगळ्यात उंच लाल घसरगुंडी आमच्या थोरल्याचा जीव की प्राण. मार्चमध्ये पास घेतला तेव्हा ती बंद होती. जिन्याला दोरी, दोरीला पाटी, 'मेन्टेनन्स'. खाली उभ्या असलेल्या मुलाला विचारलं, "काय ओ दादा, ही कधी चालू?" तो म्हणाला, "मोटर गेलीया ताई, पुण्याला दिलीय. आठ दिवसात येती." मे महिन्यात भर गर्दीत विचारलं, मोटर पुण्याला. दिवाळीच्या सुट्टीत विचारलं, मुलगा नवीन होता, पण मोटर पुण्यालाच. आता आमच्या घरात कुठलंही रखडलेलं काम पुण्याला गेलेलं असतं. सासूबाईसुद्धा इस्त्रीवाल्याला विचारतात, "काय रे, मोटर पुण्याला गेली का तुझी?"

हसण्यावारी नेण्यासारखं एवढंच. त्या लाल घसरगुंडीच्या शेजारची पिवळी आणि निळी चालू असतात, पण आळीपाळीने. पंप एकच, वरचा व्हॉल्व्ह फिरवून पाणी इकडचं तिकडे. आणि गर्दी वाढली की दोन्ही एकदम चालू करतात. तेव्हा पाणी वाटलं जातं आणि फायबरवर जाड धार वाहायच्या ऐवजी नुसता ओलावा राहतो. अंग पाण्यावरून घसरतं, फायबरवरून नाही. पाणी कमी झालं की माणूस मधल्याच वळणावर थांबतो. मग ढुंगणाने सरकत सरकत पुढे यायचं, आणि वरून पुढचा माणूस सुटलेला असू शकतो. माझी धाकटी अशीच मधे अडकली होती. सुदैवाने मागचे काका अंगाने हलके होते. कोपर सोलून निघालं, बाकी काही नाही. दोन तुकडे जोडतात तिथला सीलही जागोजागी निघालाय. पूर्वी जोड कळायचाही नाही, आता पाठीला प्रत्येक जोड खट्‌ खट्‌ मोजता येतो. खाली जिथे पडतो त्या कुंडाच्या कडेची फरशी फुटली होती, तिच्यावर ट्यूब कापून चिकटवलीय. ती पावसाळ्यापासून तशीच.

वर, घसरगुंडीच्या तोंडाशी, पूर्वी दोघं असायचे. एक माणसाला नीट बसवायचा, दुसरा खालून इशारा आला की सोडायचा. आता एकच पोरगा, दोन तोंडांच्या मधे उभा. खालचा इशाऱ्याचा दिवा बंद, त्यामुळे तो कठड्यावरून वाकून बघतो आणि अंदाजाने "चला" म्हणतो. कधी तर तो पलीकडे असताना पोरं आपली आपणच सुटतात. त्या पोराला मी दोष देणार नाही. ऊन डोक्यावर, पायात स्लीपर, छत्रीही नाही. दिवाळीपर्यंत ओळखीचं एकही तोंड राहिलं नव्हतं. जुनी माणसं गेली, आणि कुणाची पोरं कुठे थांबवायची, कुठल्या कुंडात पाय घसरतो, ही त्यांच्या डोक्यातली सगळी माहिती त्यांच्याबरोबर गेली.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण यात लोकांचा फार गैरसमज आहे. पाण्याला उग्र वास आला की आपण म्हणतो, वा, भरपूर क्लोरीन टाकलंय, पाणी स्वच्छ आहे. खरं तर उलट. क्लोरीन घामाशी आणि (बोलायला लाज वाटते, पण) लघवीशी मिसळलं की क्लोरामाइन तयार होतात. नाकाला झोंबतं आणि डोळे लाल होतात ते त्यांच्यामुळे. म्हणजे टाकलेलं क्लोरीन घाणीशी झुंजण्यात खर्ची पडतंय आणि नवीन पाणी पुरेसं येत नाही. नीट राखलेल्या पाण्याला वास फार कमी असतो. वाळूचे फिल्टर वरचेवर उलटे धुवावे लागतात, बॅकवॉश म्हणतात त्याला. त्यात पाणी बाहेर टाकावं लागतं, आणि सोलापुरात मे महिन्यात टाकलेलं पाणी टँकरने भरून काढायचं म्हणजे खिशाला भोक. ते काम पुढे ढकलायचा मोह कुणालाही होईल. आमची साधी पद्धत अशी, की काठावर उभं राहून तळाची जाळी आणि फरशीच्या रेघा स्पष्ट दिसतात का बघायचं. दिसत नसतील तर पोरांना पाण्यात सोडायचं नाही, तिकीट गेलं तरी चालेल. बुडणारं माणूसही तशा पाण्यात वरून दिसत नाही. मेमधल्या दर रविवारी दुपारी तीननंतर आमच्या पार्कच्या लाटांच्या तळ्यात तळ दिसत नव्हता.

लाटांचंही तेच. त्या तळ्याच्या भिंतीमागे बंद कप्पे असतात, ब्लोअर त्यात हवा दाबतो, पाणी ढकललं जातं आणि लाट उठते. त्याला वीज चिक्कार लागते. पूर्वी दर तासाला भोंगा व्हायचा आणि सगळा पार्क तळ्याकडे पळत सुटायचा. आता लाटा 'पब्लिक जमलं की'. डीजे मात्र सकाळी दहापासून अखंड. लाट नसलेल्या गुडघाभर पाण्यात चारशे माणसं स्पीकरसमोर नाचत असतात, आणि पार्कवाल्यांना वाटतं लोक खूश आहेत.

असं का होतं, याचं उत्तर मला जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत मिळालं. होम मैदानावर आकाशपाळण्यासमोर उभी होते. तिथे प्रत्येक पाळण्याचं वेगळं तिकीट. पाळणा बंद पडला तर मालकाचं उत्पन्न त्याच मिनिटाला थांबतं. म्हणून रात्री अकरालाही तो माणूस हातात पाना घेऊन पाळण्याखाली झोपलेला असतो. पार्कात पैसे गेटवरच घेतलेले. त्यानंतर चालणारी प्रत्येक घसरगुंडी म्हणजे मालकाला निव्वळ खर्च, वीज, पाणी, माणूस. बंद ठेवली तर वाचले. वर्षाच्या पासवाल्यांची तर गोष्टच सोडा, आमचे पैसे मार्चमध्येच जमा झाले. उरलेले महिने आम्ही त्यांच्या दृष्टीने फुकटे.

एका तिकिटात सगळं, ही पद्धत काही देवाने दिलेली नाही. अमेरिकेत डिस्नेलँड १९५५ मध्ये सुरू झालं तेव्हा पुढची बरीच वर्षं तिथेही राइडगणिक कुपनांचं पुस्तक मिळायचं. कुपनांना ए, बी, सी अशी प्रतवारी, आणि नंतर आलेलं ई कुपन सगळ्यात भारी राइडसाठी. १९८२ मध्ये कुपनं गेली, एकच तिकीट आलं. १९९९ पासून तिथे रांग चुकवायचा फास्टपास फुकट मिळायचा; २०२१ मध्ये तोही गेला आणि पैसे भरा, मग रांग चुकवा, असं सुरू झालं. तिथले जुने चाहतेही हेच रडगाणं गातात, की तिकीट वाढलं आणि मिळतं ते कमी. आपल्याकडे फरक एवढाच, की त्यांच्याकडे निदान जास्तीचे पैसे दिले तर राइड चालू असते.

खर्च वाढलेत हे मला मान्य आहे. दुष्काळाच्या वर्षी उजनी उणे साठ्यात जाते तेव्हा पार्कवाल्यांनी काय करावं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. करांचंही ओझं आहे. जुलै २०१७ मध्ये अशा पार्कांच्या तिकिटावर थेट २८ टक्के जीएसटी बसला होता, जानेवारी २०१८ मध्ये तो १८ वर आला. तिकीट वाढवा, आम्ही कुरकुरत का होईना देऊ. पण काटकसर कुठे केली ते बघा. यंदा गेटजवळ पंख लावलेली सेल्फीची भिंत झाली, कारंजं झालं, 'आय लव्ह' लिहिलेली लाल अक्षरं आली. पंप, सील, फिल्टर आणि शिट्टीवाली पोरं यांना कात्री. फोटोत येतं ते चकाचक, पाठीला टोचतं ते तसंच.

बारीकसारीक बाबी पटापट सांगते. बायकांच्या कपडे बदलायच्या खोल्या आठ, त्यातल्या निम्म्यांना कडी नाही. आम्ही जावा-जावा दाराला पाठ लावून पहारा देतो. लॉकरची अनामत परत मिळते, पण सुट्टे नाहीत म्हणून वेफर्सचं पाकीट हातात ठेवतात. पूर्वी पाण्यात न उतरणाऱ्यांना अर्धं तिकीट होतं, ते बंद. पाहुण्या आलेल्या माझ्या आईला सावलीत बसायचे पूर्ण पैसे पडले. घरचे धपाटे आणि शेंगाचटणी गेटवर काढून ठेवायला लावतात, आणि आत वडापाव असा, की आतला बटाटा शोधावा लागतो.

पण सगळ्यात जास्त लागलं ते टॉवेलचं. भाड्याने टॉवेल मिळतो. हातात घेतला तर पलीकडचं दिसत होतं, कडा उसवलेल्या, पाणी टिपायच्या ऐवजी अंगभर पसरवणारा. अहो, हे सोलापूर आहे! इथल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेलात तर सेकंडचा मालही यापेक्षा दाट मिळेल, किलोवर. काउंटरवरच्या माणसाला तसं म्हणाले तर तो शांतपणे म्हणाला, "ताई, माझा बा टॉवेलच्याच कारखान्यात होता. मला काय सांगताय? वरनं आलंय ते देतोय."

तक्रार केली का, तर केली. मॅनेजर सभ्य आहेत, चहा पाजतात. पासच्या मागचं बारीक अक्षरातलं कलम त्यांनीच दाखवलं, 'कोणतीही राइड पूर्वसूचनेशिवाय बंद ठेवण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे राहील.' मी म्हटलं, अधिकार ठेवा, पण निदान तिकीट खिडकीवर रोज सकाळी फळा लावा, आज काय चालू, काय बंद. सिनेमाला शोची वेळ लिहितात की नाही? ते म्हणाले, तसं लिहिलं तर गर्दी कमी होईल. हे उत्तर मला फार प्रामाणिक वाटलं. नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन केला, तक्रार नोंदली गेली, पार्ककडून मेल आला. घसरगुंडी चालू झाली नाही, पण पासला एक महिना वाढवून देऊ म्हणाले. मार्च महिना मिळतोय, बघू.

तरी कुणाला पास घ्यायचाच असेल तर माझं ऐका. पैसे द्यायच्या आधी एकदा साधं तिकीट काढून जा, तेही आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी गेट उघडताना. पाणी तेव्हाच काय ते बरं असतं. सगळ्या जिन्यांवर चढून बघा, दोरी कुठे आहे. रविवार आणि लग्नसराईतल्या सुट्ट्या टाळा. लहान मुलं असतील तर त्यांच्याबरोबर घरचं एक मोठं माणूस कुंडाच्या काठावर उभं ठेवा, शिट्टीवाल्याच्या भरवशावर राहू नका. टॉवेल घरून न्या. आणि दहा वर्षांच्या खालच्यांचं छोटं तळं अजून खरंच चांगलं आहे, तिथली मावशी जुनी आहे, पोरांना नावानिशी ओळखते. ज्यांची पोरं तेवढीच आहेत त्यांचे पैसे फुकट जाणार नाहीत.

पाचपैकी दोन तारे. त्यातला एक त्या मावशीचा.