बायसन की अँटलर? व्हॅल्यू वर जाते, खाली कशी न्यायची ते बघा

बायसन आणि अँटलर हे पार्सर जनरेटर आहेत: भाषेचे नियम, म्हणजे ग्रामर, दिलं की मजकुराची रचना ओळखणारा प्रोग्राम (पार्सर) ते तयार करून देतात. कॅल्क्युलेटरचं उदाहरण करून त्यातला एक निवडू नका. त्यात प्रत्येक व्हॅल्यू खालून वर, लहान तुकड्यांकडून मोठ्याकडे, जाते, आणि ते सगळ्यांनाच जमतं. त्याऐवजी ‘इंट अ, ब, क;’ हे डिक्लरेशन घ्या. टाइप (इथे ‘इंट’) आधी कळतो, नावं नंतर येतात, आणि प्रत्येक नावापर्यंत टाइप पोचवायचा असतो.

बायसन, त्याच्याआधीच्या याकसारखाच, खालून वर चालतो. पार्सरच्या स्टॅकसोबत (एकावर एक रचलेल्या ढिगासोबत) व्हॅल्यूंचाही स्टॅक असतो. ग्रामरमधला एक नियम, म्हणजे रूल, पूर्ण झाला की उजव्या बाजूच्या व्हॅल्यू $१, $२ अशा मिळतात, निकाल $$ मध्ये ठेवायचा. बेरजेला $$ = $१ + $३ पुरतं; इतकं सुटसुटीत दुसरं काही मी पाहिलेलं नाही. पण रूलच्या मध्येच ॲक्शन (रूलला जोडलेला कोड) घातली की तीही एक जागा अडवते आणि पुढचे आकडे सरकतात. नव्या आवृत्त्यांत या आकड्यांऐवजी नावं देता येतात, ती द्याच. (एसक्यूलाइट या डेटाबेसच्या लेमन या पार्सर जनरेटरमध्ये तर पहिल्यापासून नावंच आहेत.)

आता तो टाइप. $० लिहिलं की चालू रूलच्या लगेच आधी स्टॅकवर जे असेल ते हाती येतं. नावांची यादी डावीकडून रिकर्सिव्ह (आधीची यादी, मग नवं नाव) असेल तर तिथे टाइपच सापडतो. तीच यादी उजवीकडून रिकर्सिव्ह (नाव, मग उरलेली यादी) केलीत की दुसऱ्या नावापाशी $० म्हणजे स्वल्पविराम! बायसन काही बोलत नाही, कारण $० चा प्रकार तुम्ही सांगाल तोच तो खरा धरतो. म्हणून मी $० वापरत नाही: नावं गोळा करून वर पाठवतो आणि बाहेरच्या रूलमध्ये त्यांना टाइप लावतो.

अँटलर ४ वरून खाली उतरतो. तिथे रूल म्हणजे फंक्शन, त्यामुळे टाइप सरळ पॅरामीटर म्हणून द्यायचा. मात्र ॲक्शन जावात लिहिल्या की ग्रामर जावाशी बांधलं जातं. त्यापेक्षा ग्रामर कोरं ठेवून व्हिजिटर (पार्स झाल्यावर रचनेवरून फिरणारा वेगळा कोड) लिहिणं मला जास्त पटतं. पार्स ट्री, म्हणजे मजकुराच्या रचनेचं झाड, आयती मिळते, हव्या त्या क्रमाने फिरा. अडचण एवढीच की एका व्हिजिटरचा रिटर्न टाइप एकच असतो, तर बायसनमध्ये युनियन (एकाच जागी वेगवेगळे प्रकार ठेवू देणारी रचना) वापरून प्रत्येक रूलला वेगळा प्रकार देता येतो.

खाली न्यायची माहिती भरपूर असेल तर अँटलर घ्या. सी मध्येच राहायचं असेल तर बायसन, पण एरर रिकव्हरीत (चूक सापडूनही पार्सर पुढे वाचत राहतो तेव्हा) टाकून दिलेल्या व्हॅल्यूंची मेमरी सोडायला डिस्ट्रक्टर पहिल्याच दिवशी लिहा.