मुसोलिनीचे दोन मार्शल: बादोल्यो आणि ग्रात्सियानी
इथिओपियाच्या युद्धात दोघांनीही इटलीच्या फौजांचं नेतृत्व केलं. दोघांच्याही फौजांनी तिथे विषारी वायू वापरला. पिएत्रो बादोल्योने वारा ओळखला. जुलै 1943 मध्ये मुसोलिनी पडताच हा पंतप्रधान, आणि मित्रराष्ट्रांशी युद्धबंदी जाहीर झाल्यावर, जर्मनांच्या भीतीने 9 सप्टेंबरच्या पहाटे राजासोबत मोटारीने रोमबाहेर पसार, सैन्याला धड आदेशही न देता. लाखो सैनिक जर्मनांच्या कैदेत गेले.

रोदोल्फो ग्रात्सियानी शेवटपर्यंत मुसोलिनीला चिकटून राहिला. त्याच्या इमानाचं मला कौतुक नाही: फेब्रुवारी 1937 मध्ये इथिओपियाची राजधानी आदिस अबाबात त्याच्यावर बॉम्ब फेकले गेले, त्यानंतर तीन दिवस इटालियनांनी शहरात स्थानिकांची कत्तल चालवली. 1950 मध्ये त्याला 19 वर्षांची शिक्षा झाली, तीही जर्मनांना साथ दिल्याबद्दल. काही महिन्यांत सुटला. बादोल्योवर युद्धगुन्ह्यांचा खटलाच चालला नाही. त्याच्या गावाला आजही त्याचं नाव आहे.